जुन्या मराठीसाठी संगणकात एक खोली

जालना जिल्ह्यातल्या भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या लेखांत हे नाव कोरलेले आहे. ब्राह्मी लिपी विस्मरणात गेली आणि असे लेख कित्येक शतके मुके झाले. सांचीच्याच लेखांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा ‘दानं’ हा शब्द हेरून जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ती लिपी उलगडली.

गावोगावच्या डीटीपी दुकानांत, पतसंस्थांत, शाळांत २००० च्या सुमारास टाइप झालेली मराठी मात्र पंचवीस वर्षांतच मुकी होऊ लागली आहे.

कारण साधे आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. श्रीलिपीची मांडणी एक, आकृतीची दुसरी, सी-डॅकच्या आयएसएमची तिसरी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर जुनी स्मरणिका किंवा सभेचे इतिवृत्त उघडले, तर समोर नुसता चिन्हांचा काला येतो. त्यातली कित्येक कामे पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या प्रोग्राममधली, आणि पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये निरोप दिला. जुना सीपीयू भंगारात गेला की फाइल पेनड्राइव्हवर शाबूत असूनही वाचता येत नाही.

यावर हाताशी असलेला उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन: संगणकाच्या आत चालणारा दुसरा, आभासी संगणक. नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्ससारखा मोफत प्रोग्राम घ्यायचा. एक्सपीसाठी एक जीबी रॅम आणि वीस जीबीची आभासी डिस्क पुरते. मूळ सीडी आणि तिची की वापरून विंडोज आत टाकायचे, मग पेजमेकर आणि फॉन्ट. बाहेरची यंत्रणा यजमान, आतली पाहुणी. पाहुणीचे इंटरनेट मात्र तोडूनच ठेवावे, कारण एक्सपीला आता सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. सगळे नीट चालू लागले की त्या स्थितीचा स्नॅपशॉट घ्यावा. पुढे काही बिघडले तर तिथे परतता येते. ही अख्खी पाहुणी शेवटी काही फायलींत मावते, म्हणून तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवणे अवघड नाही.

अडचण येते ती डोंगलची, म्हणजे जुन्या मराठी सॉफ्टवेअरला चालायला लागणाऱ्या, संगणकाला जोडायच्या किल्लीची. यूएसबी डोंगल बहुधा आत जोडता येतो. प्रिंटरच्या जुन्या पोर्टचा असेल तर काम कठीण होते.

मजकूर थेट युनिकोडमध्ये बदलून का घेऊ नये? जरूर घ्यावा. पण कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात चुकतात, आणि ती चूक पकडायला मूळ पान डोळ्यांसमोर लागते. गावाचा वीस-पंचवीस वर्षांचा लेखी व्यवहार एका दुकानदाराच्या हार्डडिस्कवर सोडून देणे बरे नव्हे. शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी हे काम अंगावर घ्यावे, आणि सुरुवात अजून चालू असलेल्या जुन्या संगणकापासून करावी: आधी त्यातले फॉन्ट उतरवून घ्यावेत, मग फायली.