विमानाचा पत्रा आणि चार वर्षांची मुदत

विशेष प्रतिनिधी

अग्निपथ योजनेतून हवाई दलात दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६च्या अखेरीस भरतात. योजनेच्या मूळ आराखड्यानुसार त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांना कायम केले जाईल; उरलेले सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवा निधी घेऊन बाहेर पडतील. १४ जून २०२२ रोजी ही योजना जाहीर झाल्यापासून तिच्यावरची चर्चा निवृत्तिवेतन, बेरोजगारी आणि पायदळातील जवानांचे सरासरी वय या तीन मुद्द्यांभोवतीच फिरत राहिली. हँगरमध्ये विमानाच्या पत्र्यावर हात चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे काय होणार, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला. वास्तविक या योजनेची खरी कसोटी तेथेच लागणार आहे.

लढाऊ विमानाच्या देखभालीत इंजिन आणि इलेक्ट्रॉनिक्स यांना जे वलय आहे, ते पत्रेकामाला नाही. पण विमान आकाशात एकसंध राहते ते या कामामुळे. पंखावरचा तडा, गंजलेली पट्टी, पक्ष्याच्या धडकेने दबलेला पत्रा, सैल झालेले रिव्हेट या साऱ्यांची दुरुस्ती सांगाड्याचे काम पाहणाऱ्या तंत्रज्ञाकडे आणि पत्रा, वेल्डिंग व यंत्रकाम सांभाळणाऱ्या कार्यशाळेकडे येते. या कामासाठी निवडलेला वायुसैनिक आधी बेळगावजवळच्या सांबरा येथे सैनिकी शिस्त शिकतो. यांत्रिक आणि कार्यशाळेच्या कामाचे शिक्षण देणाऱ्या हवाई दलाच्या संस्था चेन्नईजवळच्या तांबरम येथे आहेत.

हाताला लागणारा काळ

हे काम मोटारीच्या गॅरेजमधील डेंटिंगसारखे असेल, असा समज होणे शक्य आहे. प्रत्यक्षात त्यात मिलिमीटरच्या अंशाचाही हिशेब असतो. रिव्हेटचेच उदाहरण घ्या. चार मिलिमीटर व्यासाचे रिव्हेट भोकात घातल्यावर मागच्या बाजूने सुमारे सहा मिलिमीटर बाहेर आले पाहिजे. एकाने हवेच्या दाबावर चालणारी गन धरायची, दुसऱ्याने मागून पोलादी ठोकळा टेकवायचा आणि ठोकून तयार झालेले डोके सहा मिलिमीटर रुंद व दोन मिलिमीटर उंच भरले पाहिजे. कमी ठोकले तर जोड सैल राहतो, जास्त ठोकले तर पत्रा ताणला जाऊन तेथेच उद्याचा तडा जन्म घेतो. भोक पत्र्याच्या कडेपासून व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर हवे, हा नियम विसरला तर कड फाटते.

धातूचा स्वभाव ओळखणे हा त्यापुढचा धडा. विमानात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या काही मिश्रधातूंची रिव्हेटे तापवून पाण्यात बुडवल्यावर थोडा वेळच मऊ राहतात. त्या मोजक्या मिनिटांत ती ठोकावी लागतात, अन्यथा शीतपेटीत ठेवावी लागतात. पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, तोच त्याला गंजापासून वाचवतो. म्हणून त्यावर टोकदार सळईने रेघ ओढायची नाही. साध्या शिसपेन्सिलीचीही मनाई असते, कारण तिच्यातील ग्राफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजू लागते. पत्रा वाकवताना त्याचा कल कोणत्या दिशेला आहे, हेही पाहावे लागते. या गोष्टी पुस्तकात छापलेल्या आहेत आणि परीक्षेत विचारल्याही जातात. मात्र गनच्या आवाजावरून रिव्हेट बसले की नाही हे ओळखणे, बोट फिरवून भोकाची कड साफ झाली की नाही हे सांगणे, ही कला वर्षानुवर्षे वरिष्ठाच्या शेजारी उभे राहूनच येते.

पूर्वीची रचना याच तत्त्वावर उभी होती. वायुसैनिकाची पहिली नेमणूकच वीस वर्षांची असे. कॉर्पोरल, सार्जंट, ज्युनिअर वॉरंट ऑफिसर अशा पायऱ्या चढत तो शिकणाऱ्याचा शिकवणारा होई. अग्निवीराच्या चार वर्षांत प्रशिक्षणाचा काळही धरलेला आहे. हाताला वळण लागू लागते, तोवर निरोपाची तारीख जवळ येते.

सात वर्षे झोपलेली चूक

या कामातील चूक लगेच दिसत नाही, ही सर्वांत गंभीर बाब आहे. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे बोइंग ७४७ डोंगरावर कोसळून ५२० जणांचा बळी गेला. त्या विमानाची शेपटी १९७८मध्ये ओसाका येथे धावपट्टीवर घासली होती. दुरुस्ती करताना मागच्या दाबरोधक भिंतीला एकसंध जोडपट्टी लावायची होती. प्रत्यक्षात ती दोन तुकड्यांत लावली गेली आणि रिव्हेटांच्या दोन ओळींवर यायचा भार एकाच ओळीवर आला. त्यानंतर सात वर्षे विमान बिनबोभाट उडत राहिले आणि एके दिवशी ती भिंत फाटली. उदाहरण नागरी विमानाचे आहे, पण धातू गणवेश पाहत नाही.

लष्करी उदाहरणही आहे. २ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेतील मिसुरी येथे सरावात असलेले एफ-१५ लढाऊ विमान हवेतच दुभंगले, वैमानिक बचावला. सांगाड्यातील एक लांब आधारपट्टी आराखड्यात ठरवलेल्या जाडीची नव्हती, असे चौकशीत आढळले. म्हणजे कारखान्यातील दोष सुमारे पाव शतक दडून राहिला होता. त्या एका पट्टीपायी अमेरिकेला एफ-१५चा ताफा जमिनीवर ठेवावा लागला.

भारताच्या बाबतीत हा मुद्दा अधिक टोकदार होतो, कारण आपली विमाने जुनी आहेत. १९६३मध्ये दाखल झालेले मिग-२१ तब्बल ६२ वर्षांनी, २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झाले. जग्वार १९७९मध्ये, मिराज-२००० १९८५मध्ये आणि मिग-२९ १९८७मध्ये आले. ज्या विमानाचे उत्पादन थांबले आहे, त्याचा सुटा भाग बाजारात मिळत नाही. तो कार्यशाळेत घडवावा लागतो. विमान जितके वयस्क, तितका पत्रेकाम करणारा हात अनुभवी हवा, असे हे व्यस्त गणित आहे.

ओझरचे महत्त्व

या गणिताशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. नाशिकजवळच्या ओझर येथे हवाई दलाचा ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपो आहे. मिग-२९चे आधुनिकीकरण येथे झाले आणि येथेच संपूर्ण ओव्हरहॉल केलेले पहिले सुखोई-३० एमकेआय २०१८मध्ये हवाई दलाच्या हवाली करण्यात आले. ओव्हरहॉल म्हणजे विमान अक्षरशः उकलून, एकेक सांधा तपासून पुन्हा जोडणे. या डेपोला ८ मार्च २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘प्रेसिडेंट्स कलर्स’ हा सन्मान मिळाला. आघाडीच्या स्क्वाड्रनांबरोबर एका दुरुस्ती डेपोचा असा गौरव व्हावा, यातच या कामाचे मोल दिसते. शेजारच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस एमके-१एच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. तेजसच्या सांगाड्यात कार्बन तंतूंच्या संमिश्रांचा वाटा मोठा असल्याने पुढच्या पिढीच्या तंत्रज्ञाला पत्र्याबरोबर हे नवे द्रव्यही शिकावे लागेल. शिकायचे वाढले आणि मुदत घटली, अशी ही स्थिती आहे.

योजनेच्या समर्थकांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. बारावी विज्ञान किंवा अभियांत्रिकी पदविका घेऊन येणारा तरुण नवी यंत्रे लवकर आत्मसात करतो, कायम होणारे पंचवीस टक्के हे निवडक असतील आणि जुने तंत्रज्ञ अजून सेवेत आहेत, हे तीनही युक्तिवाद चुकीचे नाहीत. चार वर्षांची मुदतही जगावेगळी नाही. अमेरिकी हवाई दलात पहिला करार चार किंवा सहा वर्षांचाच असतो. पत्रेकामाचे शिक्षण फ्लोरिडातील पेन्साकोला येथे दिले जाते आणि पुढे शिकाऊ, कुशल, निष्णात अशा पातळ्या ठरलेल्या असतात. पण तेथे मुदत संपल्यावर नव्याने करार करण्याचा मार्ग सामान्यतः खुला असतो. जो बाहेर पडतो, त्याचा लष्करातील अनुभव नागरी परवान्यासाठी धरला जातो. सांगाडा आणि इंजिन या दोन्ही विभागांच्या परीक्षेस बसण्यासाठी तीस महिन्यांचा अनुभव पुरतो. थोडक्यात, मुदत लहान ठेवायची असेल तर आत राहण्याची आणि बाहेर पडण्याची, अशी दोन्ही दारे रुंद असावी लागतात.

काय करता येईल

आपल्याकडे या दोन्ही दारांचा विचार व्हायला हवा. पहिली गोष्ट, पंचवीस टक्क्यांची मर्यादा सर्व कामांना सरसकट लावण्याऐवजी कामानुसार ठरवावी. पहारेकरी आणि पत्रेकाम करणारा यांना एकच फूटपट्टी लावण्यात शहाणपण नाही. दुसरी, प्रत्येक अग्निवीराने कोणती दुरुस्ती किती वेळा केली याची प्रमाणित नोंदवही ठेवावी आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने परवान्यासाठी ती कितपत ग्राह्य धरायची याचे नियम स्पष्ट करावेत. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २०२२मध्येच विमान देखभालीच्या क्षेत्रात अग्निवीरांना संधी देण्याची भाषा केली होती; तिला नियमांचे रूप मिळाले तरच तिला अर्थ राहील. नागपूरच्या मिहानमधील देखभाल केंद्र आणि वडोदऱ्यातील सी-२९५ विमानांचा प्रकल्प यांना असे हात हवेच आहेत. तिसरी, डेपोंमधील नागरी कारागिरांची भरती नियमित ठेवावी. गणवेशातील माणूस बदलत राहणार असेल, तर कामाची स्मृती जपणारा कोणीतरी कार्यशाळेत कायम असलाच पाहिजे.

सैन्य तरुण असावे, याबद्दल दुमत नाही. पण तारुण्य धावण्याच्या शर्यतीत जितके उपयोगी, तितके रिव्हेटच्या ओळीत नाही. तेथे सराव लागतो. पहिली तुकडी बाहेर पडताना हवाई दलाने किती जणांना ठेवले याबरोबरच कोणत्या कामातील किती जणांना ठेवले, हे संसदेने विचारले पाहिजे. आज चुकीचा लागलेला पत्रा आजच बोलत नाही. तो बोलेल तेव्हा त्या विमानात कोणीतरी बसलेले असेल.