बंद शटरचा चुकीचा अर्थ

घाटकोपर पूर्वेला स्टेशनजवळच्या ज्या सायबर कॅफेच्या गाळ्यात आम्ही ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळायचो, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मुलुंड, अंधेरी, बोरिवली, सगळीकडे तीच कथा. प्लायच्या टेबलांवर मांडलेले दहा-बारा कॉम्प्युटर, पायात येणाऱ्या लॅनच्या केबली, ‘डस्ट टू’च्या मॅपवर एकमेकांच्या नावाने ठोकलेल्या आरोळ्या, हे सारं उपनगरांतून गेलं. ते गेलेलं पाहून सर्रास म्हटलं जातं, की पीसीवरचं गेमिंग संपत आलं, आता राज्य प्लेस्टेशनसारख्या कन्सोलचं. हे म्हणणं चुकीचं आहे. ते ऐकून आईवडील घरात काय घ्यायचं ते ठरवतात आणि त्यात मुलांचं नुकसान होतं, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं.

पूर्वपक्षात खरं आहे ते आधी मान्य करतो. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला. तेवढ्याच पैशांत जोडलेला नवा पीसी त्याच्या तोडीचं चित्र देत नाही. कन्सोलला ड्रायव्हरची कटकट नाही, सेटिंगची झटापट नाही. डिस्क खेळून झाली की विकता येते. चार मित्र सोफ्यावर खेटून बसून फुटबॉल खेळतात, ती मजा पीसीच्या खुर्चीत नाही. ज्याला फक्त खेळायचं आहे आणि हाताशी एकरकमी पैसे आहेत, त्याने खुशाल कन्सोल घ्यावा.

पण म्हणून कन्सोलने पीसीला हरवलं, हे कुठून आलं? सायबर कॅफेंचं शटर कन्सोलने ओढलेलं नाही. २०११च्या सायबर कॅफे नियमांनी ओळखपत्र आणि नोंदवही सक्तीची केली. ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलाला सोबत मोठं माणूस आणणं भाग पडलं. शाळा सुटल्यावर दप्तरासकट येणारं गिऱ्हाईक तिथेच तुटलं. स्टेशनजवळच्या गाळ्यांची भाडी चढत होतीच. मग सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, २०१८मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला, आणि उरलेली पोरं फोन घेऊन बिल्डिंगच्या जिन्यात बसली. ती गेली फोनकडे. हे श्रेय प्लेस्टेशनच्या खात्यात कशाला मांडायचं?

कन्सोल स्वस्त पडतो, हाही हिशेब अर्धाच. भारतात नोव्हेंबर २०२२मध्ये डिस्कवाल्या प्लेस्टेशन ५ची किंमत ५४,९९० झाली, म्हणजे मशीन जुनं होताना महागलं. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीचा मोठा नवा गेम तेव्हा त्यावर ४,९९९ रुपयांना यायचा. विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायचा तर वर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी. पीसीवर ऑनलाइन खेळायला असा टोल नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५पासून दर रुपयांत आहेत, सेलमध्ये ते निम्म्याच्याही खाली येतात, आणि ‘व्हॅलोरंट’, ‘डोटा २’ फुकट आहेत. ‘व्हॅलोरंट’ तर साध्या मशीनवरही चालतो.

आणि हिशेबाच्या वहीत न येणारी एक गोष्ट आहे ती जागेची. आमच्या वन बीएचकेत टीव्ही एकच, हॉलमधला. संध्याकाळी सातनंतर तो आजीच्या मालिकांचा, मॅच असली की बाबांचा. कन्सोलला तोच टीव्ही लागतो. पीसी कोपऱ्यातल्या टेबलावर स्वतःच्या स्क्रीनसकट बसतो. तो घरात येतोही वेगळ्या दाराने: मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी, ताईच्या अकाउंट्ससाठी, आईच्या टायपिंगच्या कामासाठी. माझा पहिला पीसी आम्ही लॅमिंग्टन रोडवर जोडून घेतला आणि ग्रँट रोडहून स्लो लोकलने, सीपीयू मांडीवर धरून, आणला. तो अभ्यासासाठीच होता. दोन वर्षांनी त्यात जुनं ग्राफिक्स कार्ड बसलं, मग रॅम वाढली. अशा पीसीला गेमिंगचं मशीन म्हणून कोणी मोजत नाही, तरी रात्री अकरानंतर तो तेच असतो.

जगाकडे पाहिलं तरी ऱ्हास दिसत नाही. स्टीमवर एकाच वेळी हजर असलेल्यांचा आकडा मार्च २०२०मध्ये दोन कोटींवर होता, मार्च २०२५मध्ये तो चार कोटींच्या पुढे गेला. खुद्द सोनीने ‘होरायझन झिरो डॉन’ २०२०मध्ये आणि ‘गॉड ऑफ वॉर’ २०२२मध्ये पीसीवर आणला. बुडत्या गलबतात कोणी माल भरत नाही.

माझा खरा आग्रह मात्र आकड्यांसाठी नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मुळात ‘हाफ-लाइफ’ या गेममध्ये दोन विद्यार्थ्यांनी १९९९मध्ये केलेला फेरफार होता. ‘डोटा’ ‘वॉरक्राफ्ट ३’च्या पोटातून निघाला, पबजीचं मूळ ‘आर्मा’च्या अशाच फेरफारात आहे. खेळणाऱ्यांना गेम उघडून आत हात घालता आला, म्हणून हे घडलं. कन्सोल बंद डबा आहे. तो उत्तम खेळवतो, पण आत शिरू देत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम ऑगस्ट २०२०मध्ये आधी निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आला, हा दाखला माझ्याविरुद्ध कोणी देईल. पण ‘राजी’ घडला तो पीसीवर, अनरियल इंजिनमध्ये. स्विचवर तो फक्त खेळता येतो.

माझी भाची बोरिवलीला राहते, सातवीत आहे. ऑफिसातून निघालेला एक जुना डेस्कटॉप मी तिला दिला, त्यावर ती ‘माइनक्राफ्ट’ची जावा आवृत्ती खेळते. ही आवृत्ती कन्सोलवर मिळत नाही. गेल्या महिन्यात तिने त्यात एक मॉड, म्हणजे असाच कुणीतरी केलेला फेरफार, टाकला, तो चालेना, म्हणून त्याची फाइल नोटपॅडमध्ये उघडून तिने मला फोन केला. “मामा, जावा म्हणजे भाषा असते का रे? आणि ती शिकायला क्लास लागतो की घरीच जमेल?”