फराळाचे डबे आणि बिनतारी निरोप

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अमरावतीच्या राजकमल चौकाकडून अंबादेवीच्या देवळाशेजारच्या आप्तांकडे फराळ धाडायचा आहे, अशी कल्पना करा. एकाच मुलाच्या हाती, एकाच रस्त्याने सारा फराळ दिला, तर तो गर्दीत अडकणार! शहाणी गृहिणी काय करील? करंज्या एका बोळातून, चकल्या दुसऱ्यातून, चिवडा तिसऱ्यातून धाडील. एखादा बोळ तुंबला, तर तेवढाच डबा पुन्हा पाठवला की झाले!

हल्लीची बिनतारी यंत्रे हीच युक्ती करतात. संगणकातली माहिती लहरींवर चढवणारे आणि पलीकडे उतरवून घेणारे यंत्र म्हणजे मोडेम. बिनतारी मोडेम निरोपाचे बारीक तुकडे करून ते निरनिराळ्या लहरींवर विखरून टाकतो. प्रत्येक तुकड्याबरोबर पडताळ्याचा एक आकडा असतो. आकडा जुळला, तर पलीकडून पोच येते. पोच आली नाही, तर तुकडा पुन्हा रवाना होतो. निरोप असा लहरींवर विखरून टाकण्याच्या पद्धतीला ‘स्प्रेड स्पेक्ट्रम’ म्हणतात.

गंमत अशी की, तिचे एक गाजलेले पेटंट चक्क एका चित्रतारकेने मिळवले! हॉलिवूडची हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ते ११ ऑगस्ट १९४२ रोजी मिळाले. पाणतीराला दिलेली आज्ञा शत्रूने बुजवून टाकू नये, म्हणून ती पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ लहरींवर उड्या मारीत जावी, अशी ती योजना होती. अमेरिकी नौदलाने त्या युद्धात ती वापरली नाही. आज मात्र कानातले ब्लूटूथ ७९ लहरींवर सेकंदाला १६०० उड्या मारते. आणि गजबजलेल्या लहरी टाळतेसुद्धा!

दुसरी तऱ्हा आणखी मजेची. बडनेरा स्टेशनावर हिंदी, गुजराती, तेलुगू असा कल्लोळ चाललेला असतो. तरी त्यातून कुणाची वऱ्हाडी बोली आपला कान बरोबर टिपतो. तसे, सारेजण एकाच रुंद पट्ट्यावर एकदम बोलतात, पण प्रत्येकाचा संकेत वेगळा. ज्याला तो संकेत ठाऊक, त्यालाच बोलणे उमगते. इतरांना ती नुसती खरखर! डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने सुरू केलेले सीडीएमए फोन ह्याच तत्त्वावर चालत. ती सेवा पुढे बंद पडली, पण तत्त्व जिवंत आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. लहरी विखुरलेल्या, म्हणून निरोप सुरक्षित, असे समजून पुष्कळजण निर्धास्त राहतात. पण एका बोळात दबा धरून बसलेल्याला चार चकल्याच मिळतील, हे खरे असले, तरी साऱ्याच बोळांवर पहारा बसवणाऱ्याचे काय? त्याला अख्खा फराळ मिळेल! उड्यांचा क्रम हेरणारी यंत्रेही आहेतच. विखुरण्याने निरोप गर्दीतून तरतो. गुप्त राहायचा, तर डब्याला कुलूप हवे. ते कुलूप म्हणजे सांकेतिक लिपी, आणि तिची किल्ली म्हणजे परवलीचा शब्द.

तेव्हा अकोल्याच्या दुकानातला बिनतारी काटा असो, की घरातला कॅमेरा, कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदला. अनोळखी यंत्राने जोडणी मागितली, तर नकार द्या. यंदा धनत्रयोदशीला एखादे नवे यंत्र घरात आले, तर त्याला हळदकुंकू वाहण्याआधी एवढे काम उरकून घ्या!