कात्रजला उतरण्याआधी हिशेब मांडा



कात्रजचा बोगदा संपला की एस.टी.त हालचाल सुरू होते. कंडक्टर आवाज देतो आणि कात्रजच्या चौकात निम्मी गाडी रिकामी होते. उतरणाऱ्यांत आपली पोरे असतात. पाठीला सॅक, हातात आईने दिलेली पिशवी, पिशवीत ज्वारीचे पीठ आणि शेंगदाण्याची चटणी. कुणी इंजिनिअर झालेला, कुणी फार्मसी केलेला, कुणी बी.कॉम. करून एखाद्या कंपनीच्या हिशेबखात्यात लागलेला. त्यांना विचारा, नोकरीसाठी पुणेच का, आणि पुण्यात कात्रजच का? उत्तर ठरलेले आहे. "चुलतभावाची खोली इथे होती."

म्हणजे शहर कुणी निवडलेच नाही. गाडीने जिथे उतरवले तिथे बिऱ्हाड झाले. सातारा-सांगलीचे लोक कात्रज, धनकवडी, आंबेगावला, सोलापूरकडचे हडपसरला, नगर-मराठवाड्याचे वाघोलीला. पुणे असे एस.टी.च्या रस्त्यांनी वाटून घेतलेले आहे.

पोरांनी गाव सोडू नये, असा उपदेश आम्ही करणार नाही. १९७०-७१ साली राज्यात एका खातेदाराच्या वाट्याला सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टर उरली. त्यात दोन भाऊ कसे जगणार? २००१ ते २०११ या दहा वर्षांत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढली, पुणे जिल्ह्याची ३० टक्क्यांनी. काळ्या आईला अंतर देऊ नका, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांची स्वतःची पोरे कुठे राहतात, तेही एकदा पाहून घ्यावे. जाणे हा गुन्हा नाही. पण आले लावताना बेणे, खत, मजुरी यांचा हिशेब करणारा बाप पोराला शहरात पाठवताना एक आकडाही मांडत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

खटाव तालुक्यातल्या एका मुलाचा हिशेब आम्ही त्याच्यासमोर बसून मांडला. नोकरी हिंजवडीला, राहणे कात्रजला. हातात पगार २४ हजार. खोली तिघांत, त्याचा वाटा ५ हजार. मेस ३,४००. पेट्रोल २,९००. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता ६ हजार. फोन, कपडे, औषधपाणी मिळून अडीच हजार. उरले ४,२००. ते घरी जातात आणि विहिरीच्या मोटारीच्या कर्जात जिरतात. मुलगा म्हणाला, "वाईट नाही, चार हजार शिल्लक आहे." आम्ही म्हटले, यात तुझी मजुरी कुठे धरली?

त्याला कळले नाही. शेतमालाचा उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरायची नाही, हा डाव आपण इतकी वर्षे ओळखून आहोत. पोरगा तोच डाव स्वतःवर खेळतो. कात्रजहून हिंजवडीला जायला सकाळी सव्वा तास, परत यायला सव्वा तास, पावसात त्याहून जास्त. महिन्याला २४ दिवस धरले तर ६० तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसात दिवसांची ही मजुरी कुणीच देत नाही. शिवाय वाटेत नवले पूल. २० नोव्हेंबर २०२२ रोजी त्या उतारावर एका जड वाहनाने सुमारे ४८ वाहने ठोकरली. तो धोका कुठल्या रकान्यात लिहायचा?

खोलीभाडे कमी म्हणून कात्रज स्वस्त, हा हिशेब अर्धाच आहे. स्वारगेट ते कात्रज ५.४६ किलोमीटरच्या भुयारी मेट्रोला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, मुदत २०२९ ची. शिवाय ज्याची नोकरी हिंजवडीला, त्याला त्या मार्गाचा उपयोग थोडाच. कात्रज-कोंढवा रस्त्याची गोष्ट तर आपल्या कामाची आहे. रस्ता ८४ मीटर रुंद करायचा ठरला, २०१८ साली काम हाती घेतले, आणि जमिनीचे पैसे देणे झेपेना म्हणून महापालिकेने तो ५० मीटरवर आणला. जमीनवाले म्हणाले, टीडीआरचा कागद नको, रोख द्या. त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे आम्हाला वाटत नाही. शहराला जमिनीचा दाम द्यायचा नसतो आणि त्याची किंमत कोंडीत तासन् तास उभी राहणारी आपलीच पोरे भरतात.

मग पुणे नको का? इथे घाई करू नये. नाशिकला सातपूर-अंबडचे कारखाने आहेत, कोल्हापूरला गोकुळ शिरगाव आणि कागल आहे, छत्रपती संभाजीनगरला वाळूज आहे. यंत्रावर काम करणाऱ्या पोराने ही नावे कागदावर लिहून शेजारी भाडे, अंतर आणि पगार मांडावा. दोन हजार पगार कमी आणि कारखाना खोलीपासून दहा मिनिटांवर, असे असेल तर कमी पगाराचे शहर वरचढ ठरू शकते. संगणकवाल्याचे गणित वेगळे. ज्या बाजार समितीत एकच व्यापारी बोली लावतो तिथे माल न्यायचा नसतो, हे आपल्याला सांगायला नको. उसाला झोनबंदी होती तेव्हा एकाच कारखान्याला ऊस घालावा लागे आणि कारखाना म्हणेल तो भाव घ्यावा लागे. लहान शहरात आपल्या विद्येचा गिऱ्हाईक एकच असेल तर पोराची झोनबंदीच झाली. ती कंपनी बसली की पोरगा बसला. पुण्याचे, बंगळूरचे, हैदराबादचे मोल उंच इमारतींत नाही. एका दारातून बाहेर पडलेल्याला तिथे दुसरे दार असते, म्हणून ती शहरे महाग असूनही परवडतात.

आपल्या आधीच्या पिढीने दोन्ही करून पाहिले आहे. साताऱ्याची माणसे मुंबईला गिरणीत गेली, गावकीच्या खोलीत पथाऱ्या टाकून राहिली. खोली होती म्हणून मुंबई, आणि काम म्हणजे गिरणी. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच राहिल्या नाहीत, तेव्हा हजारोंनी घरी परतण्याशिवाय काही उरले नाही. याउलट खानापूर, आटपाडी, माण, खटावचे गलाईवाले. सोने-चांदी गाळण्याचा धंदा हातात घेऊन ते देशभर पांगले. सराफपेठ असेल ते गाव त्यांनी धरले. भाषा वेगळी की जेवण वेगळे, हे पाहिले नाही. दुष्काळी गावात त्यांची घरे उभी राहिली ती त्या निवडीवर. शाळा त्यांची थोडी झाली होती, पण बाजार कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते.

मुलींच्या बाबतीत तर बोलायलाच नको. तिला नोकरी कुठे मिळते याला महत्त्व नाही, मावशी कुठे राहते त्यावर शहर ठरते. बंगळूरचे पत्र हातात असलेल्या मुलीला आईबाप पुण्याच्या निम्म्या पगारावर बसवतात आणि म्हणतात, काळजी वाटते. काळजी खरी आहे. पण रात्री नऊला ऑफिस सुटल्यावर आंबेगावच्या अंधाऱ्या गल्लीतून चालत येणे सुरक्षित आणि कामाजवळचे मुलींचे वसतिगृह धोक्याचे, हे कुणी ठरवले? शहर निवडताना तिलाच आधी विचारा. रस्त्यावर दिवे आहेत का, रात्री बस आहे का, हे ती चुलत्यापेक्षा बारकाईने पाहते.

आता सर्वांत अवघड गोष्ट. लग्नाच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, पुण्यात फ्लॅट आहे का? त्या एका प्रश्नासाठी गावाकडे वीस-तीस गुंठे विकले जातात आणि पोरगा पंचविसाव्या वर्षी वीस वर्षांच्या हप्त्याला जुंपला जातो. मग नोकरी बंगळूरला मिळो की नाशिकला, त्याला हलता येत नाही. निवड संपली. तीही कशासाठी? कात्रज १९९७ सालीच महापालिकेत गेले. त्यापुढची मांगडेवाडी, भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, जांभूळवाडी, कोळेवाडी ही गावे २०२१ साली घेतली. कर सुरू झाला. पाणी अनेक ठिकाणी टँकरचेच. परवानगी नसलेल्या इमारती, एका सात-बारावर दहा-दहा नावे, गुंठ्यागुंठ्याचे व्यवहार. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजहून निघणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला आणि ओढ्याकाठच्या वस्त्यांत माणसे गेली. २०२५ च्या जानेवारीत पलीकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावरच होता. गंमत अशी की नानासाहेब पेशव्यांच्या काळात याच कात्रजच्या तलावातून दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेले होते. आज त्याच तलावाच्या आसपास राहणारा नोकरदार टँकरचा नंबर खिशात ठेवतो.

म्हणून आमचे सरळ मत आहे. पहिली पाच वर्षे पोराने भाड्याने राहावे आणि कामाजवळ राहावे. जमीन विकून फ्लॅट घेऊ नये. घ्यायचाच झाला तर भोगवटा प्रमाणपत्र, महारेराचा क्रमांक आणि पाण्याची जोडणी तिन्ही स्वतः पाहावी. दलालाच्या शब्दावर जाऊ नये. आणि मुलीकडच्या मंडळींनी "फ्लॅट आहे का" ऐवजी "हप्ता किती आहे" हे विचारायला सुरुवात करावी. आमच्यातल्या काहींना हे पटत नाही. ते म्हणतात, जमिनीत तरी काय राहिले आहे? जिल्हा मेळाव्यात यावर बोलायला हवे. येताना आपापल्या पोराचा महिन्याचा हिशेब एका कागदावर लिहून आणावा, प्रवासाच्या तासांसकट.

खटावच्या त्या मुलाने गेल्या महिन्यात कात्रजची खोली सोडली आणि वाकडला दोघांबरोबर जागा घेतली. भाडे दोन हजारांनी वाढले, पेट्रोल दोन हजारांनी घटले. रोजचे जवळपास दोन तास हाती आले. त्यात तो एक परीक्षा करतो आहे. आई मात्र नाराज आहे. गाडी कात्रजला उतरवते, आता पिठाची पिशवी कुणाकडे द्यायची, असे तिने आम्हाला विचारले.