विद्येचे ऋण

ऑस्ट्रेलियात १९७४ साली रद्द झालेले विद्यापीठीय शुल्क १९८९ साली अंशतः पुन्हा आले, तेव्हा विद्यार्थ्याचा वाटा प्रथम सरकारी खजिन्याने भरावा आणि त्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावरच करखात्यामार्फत वसुली व्हावी, अशी जी तजवीज झाली, तीत जामीन नाही, सावकारी व्याज नाही, केवळ महागाई व वेतनवाढ यांपैकी जी कमी तिच्या मानाने होणारी वाढ आहे. म्हणूनच ती आम्हांस न्याय्य वाटते. परंतु २०२१ पासून इतिहास-तत्त्वज्ञानादी मानव्यविद्यांच्या नव्या विद्यार्थ्यांचा वाटा दुपटीहून अधिक वाढवण्यात आला, हा विद्येचा उघड अवमान होय. तेथे कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या मराठी कुटुंबांनी एवढे अवश्य ध्यानी घ्यावे, की अनुदानित जागा त्यांच्या मुलांना मिळते. कर्जाचा हक्क मात्र सामान्यतः नागरिकत्वानंतरच.