धनुष्य हाती घेताना

मैत्रिणींनो, येत्या जानेवारीत मी ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटात पहिल्यांदाच म्यूल हरणाच्या शिकारीला जाणार आहे, तीही धनुष्यबाणाने. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार गुन्हा ठरते. इथे परवाना आणि टॅग घेऊन ती करता येते. बेत सांगितला की दोन प्रश्न हमखास येतात. 'बरोबर पुरुष कोण?' आणि 'तुला धनुष्य ओढवेल का?'

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. नियमानुसार धनुष्याचा ताण किमान ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो लागतो. पाण्याच्या कळशा वाहणाऱ्या बाईला हे कधी कुणी विचारतं का?

पहिला प्रश्न अधिक गंभीर. काळजीच्या नावाखाली बाईचं फिरणं कसं बंद होतं, हे समाजकार्यात मी रोज पाहते. अमेरिकेतही हे अडथळे होतेच. म्हणून १९९१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या स्टीव्हन्स पॉइंटच्या विद्यापीठाने बायकांसाठी रानातली कौशल्यं शिकवणारी शिबिरं सुरू केली. आम्ही दोघी जाणार आहोत. नकाशा, माणशी दिवसाला चार लिटर पाणी, परतीची वेळ घरी लिहून ठेवलेली. सुरक्षितता अशा तयारीतून येते.

मात्र पुरुष मारतात म्हणून आपणही मारायचं, ही समानता मला मान्य नाही. सरावात बाण दरवेळी नेमका बसतो, त्या अंतरापलीकडून तो सोडायचा नाही. जखमी जनावर शोधल्याशिवाय परतायचं नाही. मांस वाया घालवायचं नाही. नेमकी संधी मिळाली नाही, तर रिकाम्या हाताने यायचं. अशा परतण्याला कुणी बायकी म्हणालं, तर खुशाल म्हणू दे.