मानखुर्दचा मुलगा आणि पुण्याचा निबंध

हार्बर मार्गाने वाशीच्या खाडीकडे निघालेल्या गाडीतून गोवंडी मागे पडले की मानखुर्दचे स्थानक येते. चिल्ड्रेन्स एड सोसायटीची बालगृहे याच परिसरात आहेत. संस्था १९२७ सालची. मुंबई इलाख्यात मुलांसंबंधीचा स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला, त्याच्या अंमलबजावणीच्या ओघात ती उभी राहिली. मुंबईतल्या कितीतरी घरांत, आणि सांगावयास संकोच वाटतो पण कितीतरी वर्गांतही, मुलाने खोडी काढली की 'रिमांड होममध्ये टाकीन' असा दम भरला जातो. दम भरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डोंगरी किंवा मानखुर्द असते. वस्तुतः निरीक्षणगृह निराळे आणि बालगृह निराळे. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना ठेवण्याची जागा म्हणजे निरीक्षणगृह. बालगृहात असतात ती हरवलेली, टाकून दिलेली, घरातून पळालेली, कोवळ्या वयात कामाला जुंपलेली मुले. त्यांच्या बाबतीत गुन्हा घडलाच असेल तर तो त्यांच्यावर घडलेला असतो. तथापि मानखुर्दचा पत्ता सांगणाऱ्या मुलाकडे पाहण्याची आपली नजर या फरकाची फिकीर करीत नाही. बालगुन्हेगारीविषयी आपले लोकमत किती तपशिलावर उभे असते याची ही पहिली खूण होय.

दुसरी खूण पुण्याची. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका भरधाव, अत्यंत महागड्या मोटारीने दुचाकीवरून चाललेल्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींत अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. महाराष्ट्र खवळला. खवळला यात काही वावगे झाले नाही. हाताशी आलेली दोन मुले ज्या घरांनी गमावली त्यांना तो निबंध थट्टेसारखा वाटला असेल तर त्यांना दोष कोण देईल? गृहपाठ न आणणाऱ्या विद्यार्थ्यालाही आपल्या शाळा याहून अधिक लिहावयास लावतात.

पुढे प्रकरणाचे एकेक पदर उलगडू लागले. मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. आईवडिलांना अटक झाली. चालकाने गुन्हा आपल्या अंगावर घ्यावा म्हणून त्याच्यावर दडपण आणल्याचा आरोप झाला. खरेखोटे न्यायालय ठरवील. परंतु हे आरोप एकापुढे एक मांडून पाहिले तर एक गोष्ट लख्ख दिसते. त्यांतील प्रत्येक कृत्य सज्ञान, सुशिक्षित, मिळवत्या माणसांच्या माथी आहे. अल्पवयीनांच्या कायद्याने कोणाला रक्त बदलावयास सांगितलेले नाही. मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या, त्याच्यापुढे पेला ठेवणाऱ्या आणि नंतर पुरावा पुसण्यास धावणाऱ्या माणसांवर इलाज करावयास आपले जुने फौजदारी कायदे पुरेसे आहेत. तरीही रस्त्यावरून आणि वर्तमानपत्रांतून जी मागणी सर्वांत मोठ्याने उठली ती ही, की सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सरसकट सज्ञान माना. राग होता श्रीमंताला कायदा वाकविता येतो याचा. मागणी मात्र निघाली ती गरिबाच्या मुलावर कायदा अधिक कठोर करण्याची.

असे पूर्वीही घडले आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने वयोमर्यादा खाली आणू नये असे जानेवारी २०१३ मध्ये स्पष्ट म्हटले होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही अठराची मर्यादा उचलून धरली. परंतु त्या प्रकरणातला अल्पवयीन आरोपी २० डिसेंबर २०१५ ला सुटला आणि २२ तारखेला राज्यसभेने नवा कायदा संमत केला. दोन दिवसांचे हे अंतर पुष्कळ बोलके आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर, किमान सात वर्षे शिक्षा असलेल्या घोर अपराधाचा आरोप असेल तर, त्याचे प्राथमिक मूल्यमापन करून खटला सज्ञानाप्रमाणे चालविण्याची वाट त्या कायद्याने मोकळी केली. पुण्याच्या मुलासाठी पोलिसांनी हीच वाट मागितली होती. १५ जुलै २०२५ ला तेथील बाल न्याय मंडळाने तो अर्ज फेटाळला. सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान शिक्षा ठरवून दिलेली नाही, आणि अशा अपराधाला 'घोर' म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच सांगितले होते. योगायोग असा, की तेही प्रकरण दिल्लीतील एका अल्पवयीनाने महागड्या मोटारीखाली एकाचा जीव घेतल्याचे होते.

आता या मूल्यमापनाच्या तराजूत मानखुर्दचा मुलगा घालून पाहावा. मुलाची शारीरिक व मानसिक क्षमता, परिणाम ओळखण्याची त्याची कुवत आणि गुन्हा घडला ती परिस्थिती, या गोष्टी मंडळाने पाहावयाच्या आहेत. मंडाळ्यातला एखादा मुलगा घ्या. सातवीनंतर शाळा सुटलेली, चौदाव्या वर्षापासून भंगाराच्या वजनाचा हिशेब तोंडपाठ, घरभाडे कोणत्या तारखेला देतात हे ठाऊक, पोलीस चौकीत कसे बोलावे हेही ठाऊक. अधिकाऱ्यापुढे तो उभा राहील तेव्हा वयाहून पाच वर्षांनी थोर दिसेल. सुखवस्तू घरातला, वकिलाने काय बोलावे ते पढवून आणलेला, मानसोपचारतज्ज्ञाचा कागद सोबत असलेला मुलगा त्याच टेबलापुढे बाळ वाटेल. दारिद्र्याने लवकर शिकविलेल्या गोष्टींनाच आपण समज म्हणून मोजू आणि त्या समजेची किंमत त्याच्याकडून तुरुंगवासात वसूल करू. हे मूल्यमापन किती नाजूक काम आहे आणि त्यात मानसशास्त्राच्या जाणकारांचे साहाय्य किती आवश्यक आहे, हे जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही बजावावे लागले. मानखुर्द-गोवंडी ज्यात येतात तो महापालिकेचा एम पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात सर्वांत तळाला होता. अशा वस्तीत थोर दिसणाऱ्या मुलांची वाण नसते.

यावर पीडितांच्या बाजूने जो प्रश्न विचारला जातो तो टाळून चालणार नाही. २०१३ साली शक्ती मिलच्या ओसाड आवारात जे घडले त्यातील दोन आरोपी अल्पवयीन होते आणि २०१५ मध्ये त्यांना तीन वर्षांसाठी सुधारगृहात पाठविण्यात आले. ज्या स्त्रियांनी ते भोगले त्यांना तीन वर्षे तोकडी वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यांना कायद्याचे तत्त्वज्ञान ऐकविण्याचा अधिकार निदान प्रस्तुत लेखकाला नाही. पण बाकीच्या आपण सर्वांनी एक गोष्ट तपासावी. शिक्षा किती वर्षांची, एवढेच आपण विचारतो. त्या वर्षांत काय होते हे कोणी विचारीत नाही. तेथे शिकविणारा कोणी होता काय, समुपदेशक कितीदा आला, बाहेर पडल्यावर मुलाला काम कोणी दिले? सेवापुस्तकात वर्षे मोजावीत तशी आपण शिक्षेची वर्षे मोजतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे २०२२ साली देशभरात अल्पवयीनांविरुद्ध सुमारे साडेतीस हजार प्रकरणे नोंदली गेली. देशातील एकूण गुन्ह्यांशी त्यांचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत भरते. भर सभेत हा आकडा सांगितला तर लोक तो खोटा मानतात, कारण त्यांच्या लक्षात राहते ते एक पुणे आणि एक दिल्ली.

लोकमताला दुसरी दिशाही ठाऊक आहे, हे विसरू नये. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांत मोठ्यांसमवेत कोंडलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला; १९८६ साली न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले आणि देशभरासाठी एक कायदा करण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी संसदेने तो केला. त्या वेळी मुलग्यांची मर्यादा सोळाच होती. २००० साली ती मुलींप्रमाणे अठरावर आली. गर्दीने मागितलेला हा कायदा नव्हे. बंद दाराआड डोकावण्याची चिकाटी दाखविणाऱ्या थोड्यांचा तो होय.

पुण्याच्या मुलाला काही तासांत मिळालेला जामीन ही मुळात कायद्याने प्रत्येक मुलाला देऊ केलेली गोष्ट आहे. जामिनाने मूल गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल, त्याला धोका पोहोचेल किंवा न्यायाचा हेतू फसेल असे दिसले तरच तो नाकारावयाचा. परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक चौकशीचा अहवाल पंधरा दिवसांत यावा, चौकशी चार महिन्यांत व फार तर आणखी दोन महिन्यांत संपावी आणि किरकोळ गुन्ह्यात ती तेवढ्यातही न संपल्यास प्रकरणच निकालात निघावे, हेही त्याच कायद्यात लिहिलेले आहे. लोकक्षोभानंतर पुण्याच्या मुलाला निरीक्षणगृहात धाडण्यात आले, तेव्हा त्याच्या नातलगांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. जामिनाचा हुकूम कायम असताना त्याला अडकवून ठेवणे बेकायदा आहे, असे ठरवून न्यायालयाने २५ जून २०२४ ला, म्हणजे सव्वा महिन्याच्या आत, त्याची सुटका केली. निकाल योग्यच होता. पण मोबाइल चोरल्याच्या संशयावरून धरलेल्या मंडाळ्यातल्या मुलाची आई चार घरची भांडी घासून संध्याकाळी परतते. मंडळापुढे हजर व्हावयाचे तर तिचा खाडा होतो, हमी द्यावयास कोणी मिळत नाही, आणि हेबियस कॉर्पस हा शब्द तिने ऐकलेलाही नसतो.

राज्यातल्या प्रत्येक निरीक्षणगृहात गेल्या महिन्यात किती मुले आली, किती जणांना चोवीस तासांत जामीन मिळाला आणि किती जण केवळ त्यांना न्यावयास कोणी आले नाही म्हणून आत राहिले, हे तीन आकडे सरकारला दर महिन्याच्या पहिल्या तारखेस फलकावर लावता येतील. त्याला नवा कायदा लागत नाही, वयोमर्यादाही बदलावी लागत नाही. कल्याणीनगरच्या रात्रीनंतर जे मोर्चे निघाले, ज्या सह्या गोळा झाल्या, त्यांत ही मागणी कोणी केल्याचे निदान आमच्या ऐकिवात नाही.